वाइडबँड ओटू सेन्सरचा कंट्रोलर कोणता घ्यावा? (जिप्सी, स्पीडुइनो, ई२० पेट्रोल)

वाईचा_जिप्सीवाला

मंडळी, नमस्कार. गाडी जिप्सी किंग एमपीएफआय, इंजिन १२९८ सीसीचं जी१३बीबी. ऑफरोड आणि हौशी रॅलीपुरती वापरतो. रोजच्या रस्त्याला वेगळी गाडी आहे, त्यामुळे पीयूसी, आरटीओ वगैरे उपदेश नकोत. कंपनीचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) काढून स्पीडुइनो (अर्डुइनोवरचा, स्वतः जुळवायचा ईसीयू) बसवलाय, मॅप सेन्सरवर (इनटेकमधला दाब मोजणारा). इंजिन सुरू होतं, चालतं, पण पेट्रोलचा मॅप (कधी किती पेट्रोल सोडायचं तो तक्ता) अजून अंदाजपंचे आहे. सायलेन्सरच्या पाइपातला मूळचा चार वायरींचा नॅरोबँड ऑक्सिजन (ओटू) सेन्सर आहे तसाच आहे.

वाइडबँड (हवा-पेट्रोलचं मिश्रण नेमकं आकड्यात सांगणारा सेन्सर) लागणार हे कळलंय. डोकं फिरलंय ते कंट्रोलर निवडताना. तीन नावं डोळ्यासमोर आहेत: इनोव्हेटचा एमटीएक्स-एल प्लस, एईएमचा एक्स-सीरीज गेज आणि १४पॉइंट७ चा स्पार्टन ३. पहिल्या दोघांत डॅशबोर्डवर लावायचा गोल काटा मिळतो, तिसरा नुसती डबी. किमतीत फरक आहे, पण तो कशापायी आहे हे कुणी सांगेना. कुणी वापरलाय का?

रावसाहेब_टर्बो

कुठलाही घ्या, सगळ्यांत सेन्सर बॉशचाच असतो. काटा दिसायला चांगला तो घ्यायचा. धागा संपला. 😄

डायनोवाले_काका

रावसाहेबांचं पहिलं वाक्य बरोबर आहे, त्यापुढचं नाही. सेन्सर सगळीकडे जवळपास तोच, म्हणूनच तर निवड सेन्सरवर होत नाही, कंट्रोलर त्याचं काय करतो यावर होते.

आधी नॅरोबँडचं. नव्या लोकांना वाटतं तो कमी अचूक असतो. तसं नाही. त्याचं काम एकच: मिश्रण लॅम्ब्डा १ (म्हणजे पेट्रोल पुरतं जळायला लागते नेमकी तेवढीच हवा) च्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढं सांगणं. रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.८-०.९ व्होल्ट, लीन (हवा जास्त) असेल तर ०.१, आणि मध्ये ०.४५ च्या आसपास कडा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तेवढंच लागतं. फुल थ्रॉटलला लॅम्ब्डा ०.८६ आहे की ०.७६, हे त्याला विचारून उपयोग नाही, दोन्हीला तो जवळपास तेच व्होल्टेज देतो.

वाइडबँडमध्ये दोन सेल असतात. एक ओळखणारा, एक पंप करणारा. कंट्रोलर पंप सेलमधून करंट सोडून आतल्या बारीक कप्प्यातला ऑक्सिजन कमीजास्त करत राहतो, म्हणजे ओळखणारा सेल ४५० मिलिव्होल्टवर टिकून राहील. त्यासाठी किती करंट लागला आणि कुठल्या दिशेनं, यावरून लॅम्ब्डा कळतो. म्हणजे मोजमाप अर्धं सेन्सर करतो आणि अर्धं कंट्रोलर. शिवाय हीटर सांभाळायचं कामही कंट्रोलरचंच. बॉशच्या एलएसयू ४.९ सेन्सरचं टोक सुमारे ७८० अंश सेल्सिअसला धरून ठेवावं लागतं. हीटर ढिला पडला की रीडिंग वाहवत जातं, आणि काटा मात्र ऐटीत आकडा दाखवत राहतो.

आता तुमच्यासाठी खरा प्रश्न: हा आकडा ईसीयूपर्यंत जाणार कसा? तुमचा स्पीडुइनो अर्डुइनो मेगावर असेल तर त्याला स्वतःचं कॅन (गाडीतल्या उपकरणांचं डिजिटल नेटवर्क) नाही. म्हणजे कॅन आउटपुटचे पैसे मोजून तुम्हाला आज काही मिळत नाही. ० ते ५ व्होल्टचं अ‍ॅनालॉग आउटपुट हाच तुमचा रस्ता, आणि त्या रस्त्यावरचा खड्डा म्हणजे अर्थिंग. त्यावर सविस्तर लिहितो, आता डायनोवर गाडी चढवलीय.

म्युनिकचा_मनोज

काका लिहीपर्यंत सेन्सरबद्दल थोडं, माझं काम याच्याच आसपासचं आहे. बॉशचा पहिला लॅम्ब्डा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत आला, अमेरिकेच्या बाजारासाठी. तो नॅरोबँड. वाइडबँड रस्त्यावरच्या गाडीत आला तो १९९२ च्या होंडा सिव्हिक व्हीएक्समध्ये, लीन-बर्न इंजिनसाठी, आणि तो एनटीकेचा होता. तेव्हा बॉश म्हणजेच वाइडबँड असं काही नाही. एनटीकेवर चालणारे कंट्रोलरही मिळतात, महाग असतात, सेन्सरही महाग.

जुन्या बाजारात स्वस्तात एलएसयू ४.२ वाले कंट्रोलर दिसतील. घेऊ नका. ४.२ ला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते, आणि ती त्याला स्वतःच्या वायरींमधूनच मिळते. कनेक्टरजवळ तेलाची, पेट्रोलची वाफ असली की ती संदर्भाची हवाच नासते आणि रीडिंग घसरतं. ४.९ मध्ये हा संदर्भ सेन्सर स्वतः पंप करून तयार करतो, त्यामुळे तो बराच टिकाऊ झाला. दोघांची अदलाबदल होत नाही. ४.२ चा कंट्रोलर आतला रेझिस्टन्स ८० ओहमवर धरून तापमान राखतो, ४.९ चा ३०० वर. कनेक्टरही वेगळे.

आणि एक, हे कृपया तुमच्या वायरिंगवाल्याला वाचून दाखवा. ४.९ ला वायरी पाच असतात पण कनेक्टरला पिना सहा. सहाव्या पिनेवर कनेक्टरच्या पोटात एक रेझिस्टर असतो, कारखान्यात त्या एका सेन्सरपुरता लेझरनं जुळवलेला. वायर लांब करायची म्हणून कुणी कनेक्टर कापला आणि दुसरा लावला, तर तुमच्या सेन्सरला दुसऱ्याच सेन्सरचं कॅलिब्रेशन लागलं. लांबी हवी तर कंट्रोलरच्या बाजूची किटमधलीच केबल वापरा.

वाईचा_जिप्सीवाला

मनोजराव, हे सोनं आहे. आमचा वायरिंगवाला कात्री हातात घेऊनच जन्मलाय.

काका, अर्थिंगची वाट बघतोय. तोपर्यंत एक शंका: सगळे १४.७ (हवा-पेट्रोलचं वजनी प्रमाण) म्हणतात. आपल्याकडे आता पंपावर सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे. मग १४.७ ला पकडून ट्यून करायचं की काय?

डायनोवाले_काका

हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमच्या नावे एक चहा. २०२३ च्या फेब्रुवारीत ई२० पंपांवर यायला लागलं, आता दुसरं काही मिळतच नाही म्हणा. आपल्याकडच्या साखर कारखान्यांची डिस्टिलरी त्यात जोरात आहे. पण गॅरेजांमधल्या गप्पा अजून १४.७ वरच अडकल्यात.

१४.७ हा शुद्ध पेट्रोलचा आकडा. इथेनॉलला वजनाच्या हिशेबात हवा कमी लागते, ९ ला १. त्यामुळे ई१० चा आकडा साधारण १४.१ होतो आणि ई२० चा १३.५ च्या आसपास. आता गंमत बघा. सेन्सरला हे काही माहीत नसतं. तो फक्त जळून बाहेर आलेल्या वायूत ऑक्सिजन उरलाय की कमी पडलाय ते बघतो, म्हणजे लॅम्ब्डा. काट्यावर जे १४.७ दिसतं ते कंट्रोलरनं लॅम्ब्डाला १४.७ नं गुणून लिहिलेलं असतं. टाकीत ई२० असताना काटा १४.७ दाखवतोय, तर लॅम्ब्डा १ च आहे, इंजिन अगदी बरोबर चाललंय, पण खरं प्रमाण १३.५ आहे.

घोटाळा कुठे होतो? कुणीतरी हुशारी करून टार्गेट टेबलमध्ये (ईसीयूनं कुठलं प्रमाण गाठायचं तो तक्ता) १३.५ टाकतो, "आपलं पेट्रोल ई२० आहे ना" म्हणून, आणि काटा १४.७ च्या पट्टीवरच राहतो. ऑटोट्यून (सेन्सर बघून मॅप आपोआप सुधारणारं सॉफ्टवेअर) मग इमानदारीत गाडी लॅम्ब्डा ०.९२ ला नेऊन ठेवतं. सदैव रिच. अ‍ॅव्हरेज गेलं, प्लग काळे, आणि शिव्या कंट्रोलरला. फुल थ्रॉटलचंही तसंच. बिनटर्बोच्या इंजिनला लॅम्ब्डा ०.८६ द्यायचा तर काट्यावर १२.६ दिसेल. ई२० मध्ये तोच लॅम्ब्डा खऱ्या प्रमाणात ११.६ असतो. दोन भाषा एकाच टेबलात मिसळू नका.

माझा नियम: काटा लॅम्ब्डावर, लॉग लॅम्ब्डावर, टार्गेट लॅम्ब्डावर. म्हणून कंट्रोलर घेताना मी आधी हे बघतो की तो लॅम्ब्डात दाखवतो का. इनोव्हेट आणि एईएमचे काटे दाखवू शकतात, स्पार्टनला काटा नाही पण त्याचं आउटपुट ईसीयूत लॅम्ब्डात वाचता येतं.

कोल्लापुरी_आरएक्स

काका, नाद खुळा माहिती! आता आमचं पण ऐका की. आरएक्स १०० हाय, पोर्टिंग केलंय, एक्स्पान्शन चेंबर घातलाय. ह्यो वाइडबँड त्यात टाकला तर जेटिंग एकदम बिनचूक हुईल न्हवं? वेल्डिंगवाला दोस्तच हाय.

डायनोवाले_काका

नको भावा. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण न जळताच थेट सायलेन्सरमध्ये निसटतं, त्यातला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि तो लीन म्हणून ओरडतो. तू मोठा जेट घालशील, तरी लीनच म्हणेल. वर टू-टी तेलाचा धूर, त्यात सेन्सर लवकरच काजळून मरतो. तुझ्यासाठी नवा प्लग, फुल थ्रॉटलला एक लांब पट्टा, क्लच दाबून इंजिन बंद, आणि प्लग काढून रंग बघणं. वडील पिढी हेच करायची आणि झकास गाड्या पळवायची.

कोल्लापुरी_आरएक्स

पटलं. पैसे वाचलं, आता त्यात टायर घेतो.

एस्टीम_प्रेमी

मी दोन वर्षं एस्टीमवर वाइडबँड वापरतोय, मेगास्क्वर्ट ईसीयू. एक विचित्र त्रास आहे, इथेच विचारतो. काटा आणि लॅपटॉप जुळत नाहीत. गाडी थंड असताना दोन्हीकडे १४.७. इंजिन गरम झालं की काटा १४.७ च म्हणतो, लॅपटॉपवर १५.१. सेन्सर नवा टाकून बघितला, फरक नाही. वायरिंग एका नावाजलेल्या गॅरेजात करून घेतलं होतं, ते म्हणतात "काटाच खराब आहे."

डायनोवाले_काका

अर्थिंगवर लिहायचंच होतं, तुम्ही उदाहरणच आणून दिलंत. सांगा: १५.१ व्हायला लागतं तेव्हा रेडिएटरचा पंखा चालू असतो का? आणि तुमच्या कंट्रोलरची अ‍ॅनालॉग पट्टी कुठली?

एस्टीम_प्रेमी

अरेच्चा! हो, पंखा लागला की चढतं, बंद झाला की उतरतं. आत्ता खाली जाऊन बघून आलो. पट्टी ० व्होल्टला १०, ५ व्होल्टला २०.

डायनोवाले_काका

झालं मग. तुमची पट्टी ५ व्होल्टमध्ये १० पॉइंट, म्हणजे व्होल्टला २. ०.४ चा फरक म्हणजे ०.२ व्होल्ट. तो सेन्सरमधून येत नाहीये, तुमच्या बॉडी अर्थमधून येतोय. कंट्रोलरची काळी वायर डॅशबोर्डखाली बॉडीला बोल्ट केलेली असणार आणि ईसीयूचा अर्थ इंजिनवर. पंख्याचा करंट बॉडीतून बॅटरीकडे परततो, बॉडी-बॅटरी पट्टा गंजलेला किंवा सैल असला की तिथे व्होल्टेज पडतं आणि बॉडी इंजिनपेक्षा थोडी वर उचलली जाते. कंट्रोलर स्वतःच्या अर्थपासून मोजून बरोबर २.३५ व्होल्ट देतो, पण ईसीयूला ते त्याच्या अर्थपासून २.५५ दिसतात. काटा खरा, लॅपटॉप फसलेला.

खात्री करायची तर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक कंट्रोलरच्या अर्थच्या बोल्टवर, दुसरं ईसीयूच्या अर्थवर. पंखा बंद असताना जवळपास शून्य येईल. पंखा लागला की किती येतं ते इथे लिहा.

एस्टीम_प्रेमी

काका, दंडवत. पंखा बंद असताना ०.०१. चालू असताना ०.१९. हेडलाइट लावले तर ०.२४!

डायनोवाले_काका

आणि या खोट्या लीनवर तुमचं ऑटोट्यून पंखा लागलेला असताना पावणेतीन टक्के जास्त पेट्रोल ओतत होतं.

इलाज दोन आणि दोन्ही करा. बॉडीचा पट्टा काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं घासून पुन्हा कसा. मग कंट्रोलरचा अर्थ बॉडीवरून काढून, ईसीयूचा अर्थ इंजिनवर जिथे बसलाय त्याच बोल्टवर न्या. ज्या कंट्रोलरला हीटरचा अर्थ आणि इलेक्ट्रॉनिक्सचा अर्थ वेगवेगळा दिलाय तिथे हीटरचा इंजिन ब्लॉकला आणि इलेक्ट्रॉनिक्सचा ईसीयूच्या सेन्सर अर्थला. हीटर अँपिअरमध्ये करंट खातो, तो सेन्सर अर्थमधून कधीही जाऊ देऊ नका, नाहीतर टेंपरेचर, थ्रॉटल सगळेच सेन्सर डोलायला लागतील.

आता जिप्सीवाले, तुमच्या तिघांकडे या नजरेनं बघा. स्पार्टनची पट्टी १० ते २०, व्होल्टला २. एईएम एक्स-सीरीजची व्होल्टला २.३७५. इनोव्हेटची मूळ पट्टी ० व्होल्टला ७.३५ आणि ५ ला २२.३९, म्हणजे व्होल्टला ३. पट्टी जितकी रुंद तितकी अर्थची चूक मोठी होऊन दिसते. तीच ०.२ व्होल्टची चूक स्पार्टनवर ०.४, इनोव्हेटवर ०.६. इनोव्हेटची पट्टी सॉफ्टवेअरमधून बदलता येते, बदलाच. एईएममध्ये अ‍ॅनालॉग आउटपुटला वेगळी निगेटिव्ह वायर दिलीय, तीही ईसीयूच्या सेन्सर अर्थला न्यायची असते. आपल्याकडे ती बहुतेक वेळा टेप मारून सोडून दिलेली दिसते.

रावसाहेब_टर्बो

काका, ते ठीक, पण स्पीडुइनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटचा. तिथेच अचूकपणा गेला ना?

डायनोवाले_काका

नाही गेला. ५ व्होल्टचे १०२४ भाग, एक पायरी ५ मिलिव्होल्टहून कमी, म्हणजे १०-२० च्या पट्टीवर ०.०१. अर्थमध्ये ०.२ व्होल्ट हरवत असताना एडीसीच्या बिटांवर भांडणं म्हणजे घराला दार नाही आणि खिडकीची कडी बघतोय.

म्युनिकचा_मनोज

कॅलिब्रेशनचा मुद्दा राहिला. इनोव्हेटच्या कंट्रोलरला मोकळ्या हवेतलं कॅलिब्रेशन करावं लागतं: सेन्सर पाइपाबाहेर, स्वच्छ हवेत, अधूनमधून पुन्हा. शेजारी गाडी सुरू असलेल्या गॅरेजात हे केलं तर चुकीचीच हवा बरोबर म्हणून शिकेल. एईएम त्या कनेक्टरमधल्या रेझिस्टरवर विसंबतो, मोकळ्या हवेची भानगड नाही. सेन्सर म्हातारा होत जातो तसा पहिल्या पद्धतीचा थोडा फायदा असतो. पण किती लोक खरंच सेन्सर काढून पुन्हा कॅलिब्रेट करतात? मी तरी कमीच बघितले.

वाईचा_जिप्सीवाला

मी तर नक्कीच करणार नाही, जिप्सीखाली झोपून गंजलेला सेन्सर कोण काढणार.

आता बसवायचं कुठे ते सांगा. आमच्याकडे ओढे ओलांडायचे असतात.

डायनोवाले_काका

चारही सिलिंडरचा धूर एकत्र झाल्यानंतर, कलेक्टरच्या पुढे. मॅनिफोल्डला फार चिकटून नको. सेन्सरचा षटकोनी भाग ६०० अंशांच्या आत राहायला हवा, धूर ९३० च्या आत. फार मागेही नको, नाहीतर रीडिंग उशिरा येतं आणि आयडलिंगला मागच्या टोकाकडून हवा आत ओढली जाऊन खोटं लीन दिसतं. टर्बो असेल तर टर्बाइनच्या नंतरच, आधीच्या दाबानं रीडिंग चुकतं.

नट एम१८ बाय १.५ चा, पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागात वेल्ड करा. सेन्सर आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर उचललेला हवा. पोटाखालून लावलेला सेन्सर मी ढिगानं मेलेले पाहिलेत: सकाळी पाइपात दव साचतं, तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला की तडा. ओढ्याचं पाणीही वरून लागणार नाही अशी जागा बघा, गिअरबॉक्सच्या आडोशाला मिळेल.

त्याच कारणानं हीटरला वीज इग्निशनवरून थेट देऊ नका, फ्युएल पंपाच्या रिलेवरून द्या. म्हणजे चावी फिरवून गप्पा मारत बसलात तरी थंड पाइपात हीटर पेटत राहणार नाही. उलटही लक्षात ठेवा: सेन्सर पाइपात आहे आणि कंट्रोलर बंद, अशी गाडी चालवू नका. न तापलेला सेन्सर काजळी खाऊन संपतो. कंट्रोलर काढला तर सेन्सरही काढा, नटाला बूच मारा.

एस्टीम_प्रेमी

सिलिकॉन गॅस्केट? आमच्या मिस्त्रीनं टॅपेट कव्हरला ढिगानं लाल पेस्ट लावलीय.

डायनोवाले_काका

सेन्सरला चालणारी पेस्ट वेगळी मिळते, ट्यूबवर तसं छापलेलं असतं. साध्या पेस्टची वाफ सेन्सरला विषच.

सीएनजी_सारथी

मधेच विचारतो. वॅगनआर, सीएनजी. मलाही हा काटा लावायचाय. त्याचा १४.७ कसा वाचायचा?

डायनोवाले_काका

सीएनजीचं खरं प्रमाण १७.२ च्या आसपास, पण पुन्हा तेच: लॅम्ब्डावर ठेवा, १ म्हणजे १. मात्र कंपनी फिटेड गाडीत छेडछाड करायला हा काटा लावत असाल तर नका. सीएनजीचं किट आणि वॉरंटी दोन्ही गमवाल.

रावसाहेब_टर्बो

शेवटी एक सांगतो, हे मात्र चेष्टेत नाही. सुटा सेन्सर कुठल्यातरी ऑनलाइन दुकानातून अर्ध्या किमतीत घेऊ नका. ४.९ चा डुप्लिकेट माल भरपूर आहे, डबा, होलोग्राम, पार्ट नंबर ०२५८०१७०२५ सगळं हुबेहूब. माझ्याकडे एक आला होता, आडव्या उन्हात धरला तर टोपीवरची लेझरची अक्षरं पुसट आणि वेल्डची रेघ वाकडी. मोकळ्या हवेत काट्याची पट्टी लीनच्या टोकाला टेकायला हवी, हा मध्येच कुठेतरी रेंगाळत होता. किटसोबत येतो तोच घ्या.

वाईचा_जिप्सीवाला

ठरलं. काटा मला लागत नाही. ओढ्यात मी रस्त्याकडे बघणार की काट्याकडे, लॉग घरी येऊन बघेन. कॅन लागत नाही. पट्टी अरुंद हवी, हीटरचा अर्थ वेगळा हवा, मोकळ्या हवेचा उद्योग नको. स्पार्टन ३ मागवतोय, किटमधल्या सेन्सरसकट. कस्टमला काय लागेल ते लागेल.

काका, ट्यूनरस्टुडिओत (ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर) ईजीओ डिले (इंजिन सुरू झाल्यावर सेन्सरचं किती वेळानं ऐकायचं) किती ठेवू? आणि कॅलिब्रेशनला स्पार्टन यादीत नसेल तर?

डायनोवाले_काका

यादीत नसेल तर कस्टम लिनियर निवडा: ० व्होल्टला १०, ५ व्होल्टला २०. टार्गेट लॅम्ब्डात ठेवलंत तर ०.६८ आणि १.३६. सेन्सर तापायला वेळ लागतो, ईजीओ डिले ३० सेकंद ठेवा, आणि इंजिन गरम होईपर्यंत क्लोज्ड लूप (सेन्सर बघून पेट्रोल आपोआप कमीजास्त करणं) लावूच नका. ऑटोट्यूनच्या आधी सायलेन्सरचा प्रत्येक जोड साबणाचं पाणी मारून तपासा. कलेक्टरच्या गॅस्केटमधून हवा ओढली गेली तर सगळा धागा वाया. आणि एखादा प्लग मिस करत असेल तर तेही लीन दिसेल, कारण न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपाशी येतो. तेव्हा आधी नवे प्लग.

एस्टीम_प्रेमी

पट्टा घासला, अर्थ हलवला. पंखा आणि हेडलाइट दोन्ही लावून ०.०१. आता त्या गॅरेजवाल्याकडे जाऊन "काटा खराब"चे घेतलेले पैसे मागतोय.